शिवतेजचं कार्ड

५ ऑक्टोबर, रविवार

अंगणवाडीतून निवृत्त झाले तेव्हा दोन कोरी रजिस्टरं माझ्याबरोबर घरी आली होती. त्यातलं एक आज माळ्यावरून काढलं. तीस वर्षं मलकापुरातल्या पोरांची वजनं-उंच्या लिहिल्या, पण स्वतःचं लिहायला बसले तर पहिली ओळ सुचायलाच अर्धा तास गेला.

घरात आता आम्ही तिघंच. हे, मी आणि मुलगा जयराज. फेब्रुवारीपर्यंत सहा जण होतो. सून रेश्मा दोन्ही पोरांना घेऊन सांगलीला गेली. विश्रामबागला भाड्यानं राहते, तिथंच एका लॅबमध्ये कामाला लागली आहे. शिवतेज अकरा वर्षांचा, प्रांजल सहाची. आठ महिन्यांत मी दोघांचं तोंड पाहिलेलं नाही. जयराज मारहाण करतो म्हणून रेश्मानं सांगलीच्या कोर्टात अर्ज घातलाय. त्यात ह्यांचं आणि माझंही नाव आहे.

अर्ज आला त्या दिवशी ह्यांनी सांगून टाकलं, "त्या घरला कुणी फोन करायचा न्हाई. निकाल लागंस्तवर तोंड बंद." सुभेदार होऊन पेन्शनीत येऊन वीस वर्षं झाली, तरी घरात अजून हुकूमच सुटतात.

फोन नाही तर नाही. दिवाळीचं कार्ड पाठवायला कुणी मनाई केलेली नाही. ह्यांना विचारलंही नाही. विचारलं की नाही म्हणतील. अंगणवाडीत दर दिवाळीला मी पोरांकडून भेटकार्डं करून घ्यायची. शिवतेज तीन वर्षांचा असताना माझ्या मांडीवर बसून त्यानं पहिला आकाशकंदील चिकटवला होता, उलटा.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी आतल्या खोलीत काय झालं ते मला ठाऊक नाही. मी स्वयंपाकघरात होते. मिक्सर चालू होता. वकिलांनी विचारलं तेव्हा मी एवढंच सांगितलं. त्यांनी टाइप करून आणलं, मी सही केली.

८ ऑक्टोबर, बुधवार

दोन दिवस जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या. त्यांचा पुठ्ठा चांगला कडक असतो. छापलेली बाजू आत घेतली, वरून घोटीव कागद लावला. डिंक बाटलीत वाळून गेला होता, म्हणून कणकेची खळ शिजवली. घरात तो वास आला आणि मला अंगणवाडीत असल्यासारखं वाटलं.

प्रांजलसाठी पोपट केला. पंख उचलला की खाली तिचं नाव दिसतं. शिवतेजसाठी जरा अवघड काम काढलं. कार्ड उघडलं की आगाशिवाचा डोंगर उभा राहतो, पायथ्याला आमचं घर, दारात कागदाचा किल्ला. चार वेळा घडी चुकली. कात्री धरून बोटं आखडली.

जयराज दुपारी जेवायला आला. त्याचं हायवेला टायरचं दुकान आहे. "काय करतीयास आई?" म्हणाला. कार्ड दाखवलं. बराच वेळ डोंगर उघडमीट करत बसला. "माझं नाव टाक खाली. बाबा म्हणून." संध्याकाळी येताना चोवीस रंगांचे स्केचपेन घेऊन आला. एवढा मायेचा पोरगा आहे. रागानं तेवढा त्याच्या आजोबांवर गेलाय, बाकी काही नाही.

चहात साखर कमी पडली म्हणून कप त्याच्या हातून सुटला. मी भिंत पुसून घेतली. काचा दारापर्यंत गेल्या होत्या.

११ ऑक्टोबर, शनिवार

दोन्ही कार्डं स्पीड पोस्टानं गेली. पोस्टातल्या पोरीनं पाकीट हातावर तोललं. "आज्जी, आत काय डोंगर घातलाय काय?" मी म्हटलं, "व्हय."

आत लिहिलं: "चि. शिवतेज, दिवाळीच्या लय लय शुभेच्छा. तुझ्याशिवाय अंगणात किल्ला न्हाई. बाबा रोज आठवण काढतात. तू कधी येणार? तुझी आज्जी." प्रांजलच्या कार्डात फक्त पापे लिहिले. तिला जोडाक्षरं अजून वाचता येत नसतील.

१५ ऑक्टोबर, बुधवार

काही कळलं नाही. हरणाबाई कांडप गिरणीवरून भाजणी घेऊन आली, शेजारीच राहते. तिला सांगितलं कार्डाचं. ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "पोरांना कार्ड धाडलंस ते ब्येस केलंस. पर रेश्माला काय धाडलंस?"

"तिला काय धाडायचं? तिनं कोर्टात नाव घातलंय माझं."

"तिचा हात मोडला हुता बनुबाई." एवढंच बोलली आणि भाजणीचा डबा उचलून गेली. हिला कुणी विचारलं होतं?

१८ ऑक्टोबर, शनिवार

पोस्टमन आला तेव्हा मी अंगणात कंदिलाची वायर सोडवत होते. पाकिटावर रेश्माचं अक्षर. आतून डोंगर निघाला. माझंच कार्ड.

"तू कधी येणार?" ह्या माझ्या ओळीखाली शिवतेजनं पेन्सिलनं लिहिलंय:

"आज्जी, तू दार का उघडलं नाहीस? मी तुला हाक मारली होती. कडी वर होती. माझा हात पोचत नव्हता."

पिठाच्या डब्यामागं ठेवलं. हे विचारत होते, कुणाचं टपाल. म्हटलं, विम्याचं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन झालं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. ह्यांची बहीण आली होती. करंज्या कमी पडल्या म्हणाली. मी केल्याच कमी होत्या. दिवसभर हात कामात होता, पण कुठंही मान वर केली की नजर मधल्या दाराच्या कडीवर जात होती. ती कडी किती उंच आहे ते मी कधी पाहिलंच नव्हतं. माझा हात सहज पोचतो.

२६ ऑक्टोबर, रविवार

हे आणि जयराज उसाच्या तोडीचं बघायला रानात गेलेत. घरात मी एकटी आहे. आज लिहून टाकते. नाहीतर ह्या वहीला काही अर्थ नाही.

नऊ फेब्रुवारी. रविवारची दुपार होती. हे औंधला यमाईच्या दर्शनाला गेले होते. मी ओल्या नारळाची चटणी वाटत होते. जयराजची खोली आणि स्वयंपाकघर ह्यांच्यामध्ये एक दार आहे. ते कायम बंद असतं आणि त्याची कडी माझ्या बाजूला आहे. खोलीचं दुसरं दार सोप्यात उघडतं. ते जयराजनं आतून लावलं होतं.

आधी त्याचा आवाज आला. मग तिचा. मग काहीतरी भिंतीवर आपटल्याचा. शिवतेज सोप्यातून पळत माझ्याकडं आला. "आज्जी, कडी काढ. माझा हात पोचत न्हाई. आज्जी, काढ ना." माझा पदर धरून ओढत होता.

मी त्याला म्हणाले, "जा बाहेर खेळ."

तो गेला नाही. दारावर हातानं मारत राहिला.

चटणी झालेली होती. मी भांड्यात थोडं पाणी घातलं आणि मिक्सर पुन्हा लावला. आतून ती "आत्ती" म्हणून ओरडली. मिक्सर चालू असतानाही ते मला ऐकू आलं. एकदा नाही, दोनदा.

मिक्सर बंद केला तेव्हा सगळं शांत होतं. चटणीचं पाणी पाणी झालं होतं.

कराडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. रेश्मा माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, बाथरूममध्ये पाय घसरला. तिनं मान खाली घातली. चौथ्या दिवशी ती पोरांना घेऊन गेली.

भीती वाटली म्हणू का? मागं एकदा मी दोघांच्या मध्ये पडले होते तेव्हा माझ्या दंडाला आठ दिवस काळंनिळं होतं. चुकून लागलं असं मी सगळ्यांना सांगितलं. आज हे लिहिताना कळतंय, चुकून लागलेलं नव्हतं.

पण शिवतेजलाही भीती वाटलीच असणार. तरी तो दारापाशी उभा राहिला.

३० ऑक्टोबर, गुरुवार

चार कार्डं फाडली. एकात लिहिलं, "बाळा तू लहान आहेस, तुला कळणार नाही." फाडलं. एकात, "आज्जीचा नाइलाज होता." फाडलं. तिसऱ्यात नुसतं "सॉरी". ते तर पोरं पेन सांडला तरी म्हणतात.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज झालं. निळा कागद, वर एक साधा कंदील. आत काही उभं राहत नाही, काही उघडत नाही.

"शिवतेज, मला ऐकू आलं होतं. तुझी हाकही आणि तुझ्या आईची हाकही. कडी माझ्या बाजूला होती आणि माझा हात पोचत होता. मी काढली नाही. मला भीती वाटली, पण मोठ्या माणसानं ते कारण सांगू नये. दवाखान्यातही मी खोटं बोलले. चूक माझी. तू केलंस ते बरोबर केलंस. आज्जी."

सुवाच्य काढलं. अंगणवाडीत फळ्यावर काढायची तसं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

हे पोस्टानं पाठवायची हिंमत झाली नाही. मिरजेला डोळे दाखवायला जाते असं घरी सांगितलं आणि कराडहून सांगलीची एसटी धरली. विश्रामबागला उतरून विचारत विचारत गेले. तीन मजली इमारत, खाली झेरॉक्सचं दुकान. रेश्माची दुपारची सुट्टी असते ते मला माहीत होतं. हरणाबाईनं कुणाकडून तरी काढून दिलं होतं.

ती जिन्यात भेटली. वाळलीय. उजवं मनगट जरा वाकडंच बसलंय, पिशवी डाव्या हातात होती. मला बघून दोन पायऱ्या वर गेली आणि थांबली.

"आत्ती, तुमी आत या म्हणणार न्हाई मी."

"नको म्हणू. हे शिवतेजला द्यायचंय. आधी तू वाच. नको वाटलं तर देऊ नको."

तिनं तिथंच पाकीट उघडलं. वाचताना तिचे ओठ हलत होते. दोनदा वाचलं. मग भिंतीला टेकून पायरीवर खाली बसली.

"मला वाटायचं, तुमाला खरंच ऐकू आलं न्हाई," ती म्हणाली. "मिक्सरचा आवाज हुता. मी नऊ महिने मनाला समजावत हुते, की आत्तींना ऐकू आलं असतं तर त्या आल्या असत्या."



मग तिचा आवाज बदलला. "तुमी कोर्टात सही करून दिलंय, मी काही ऐकलं न्हाई, रेश्मा पाय घसरून पडली. ठाऊक हाय न्हवं?"

"वकिलानं लिहिलं होतं."

"सही तुमची हाय." तिनं कार्ड उचलून धरलं. "आणि हे पण तुमचंच अक्षर हाय. मी हे माझ्या वकीलबाईंना दाखवू का? ते लोक म्हणत्यात मी खोटी हाय. माझ्याकडं दुसरं काय बी न्हाई, आत्ती. तुमीच सांगा. दाखवू?"

 हो म्हणाले असते तर जयराज डोळ्यासमोर आला असता. नको म्हणाले असते तर ही समोर होती. जिन्याच्या कठड्याला धरून नुसती उभी राहिले. झेरॉक्सच्या दुकानातलं मशीन चालू होतं. तिनं बराच वेळ वाट पाहिली.

"ठीक हाय," म्हणाली आणि कार्ड पर्समध्ये घातलं. ठीक म्हणजे काय ठीक, ते मी विचारलं नाही.

पोरं शाळेत होती. भेटली नाहीत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वकिलांचा फोन आला. माझं कार्ड कोर्टात दाखल झालंय.

हे पहिल्यांदा हसलेच. "कसलं कार्ड? दिवाळीचं?" मग फोनवर मजकूर वाचून दाखवला गेला. फोन ठेवला तेव्हा ह्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता.

जयराज दुकानातून आला. मला वाटलं आता हात उगारेल, मी चुलीकडच्या कोपऱ्यात सरकले. तो आला आणि माझ्या पायाशी बसला. लहानपणी बसायचा तसा. "आई, तू माझी पोरं तोडतीयास माझ्यापासनं. सगळं जग माझ्या इरोधात हाय, आता तू बी?" रडत होता. मी त्याच्या केसांतून हात फिरवला. माझा पोरगा आहे तो. कुणाला सांगू हे?

२४ नोव्हेंबर, सोमवार

वकील घरी येऊन गेले. माझी उलटतपासणी होणार. ते म्हणाले, अक्षर माझं नाही म्हणायचं. तिनंच कुणाकडून तरी लिहून घेतलं असेल असं म्हणायचं. सोपं आहे.

ते गेल्यावर हे म्हणाले, "ऐकलंस न्हवं? एक वाक्य. अक्षर माझं न्हाई. कोण बघाय येतंय?"

मलकापुरात चाळिशीच्या आतल्या निम्म्या लोकांना पहिला अ मी गिरवायला दिलाय. त्या सगळ्यांना माझं अक्षर ओळखू येतं. मी उठून चहा ठेवला.

२ डिसेंबर, मंगळवार

जेवण जात नाही. हे रोज सकाळी फिरायला जाताना दारातून विचारतात, "काय म्हणायचं?" आणि मी म्हणते, "अक्षर माझं न्हाई." तालीम चाललीय. जयराज रोज काहीतरी आणतो. काल मोसंबी, आज शाल. अंगावर शाल घालताना म्हणाला, "तू हायस म्हणून मी हाय." तो गेल्यावर मी शाल काढून ठेवली. त्याचे हात खांद्यावर जड होते की माझंच काही बिघडलंय?

१६ डिसेंबर, मंगळवार

सांगलीला गाडीनं गेलो, तिघंही.  कोर्टाच्या व्हरांड्यात रेश्मा तिच्या वकीलबाईंबरोबर उभी होती. तिनं मला बघितलं, मी चप्पल बघत राहिले.

नाव पुकारलं. शपथ घेतली. रेश्माच्या वकीलबाई तिशीच्याही नसतील. त्यांनी फाइल माझ्यापुढं धरली. कार्ड त्यात होतं. निळ्या कागदावर, कंदिलाच्या शेजारी, लाल शाईत "निशाणी ४१" असं लिहिलेलं. कोपऱ्याला भोक पाडून फायलीच्या दोऱ्यात ओवलं होतं. त्यांनी कार्ड उघडलं, तर ते भोक आत बरोबर "शिवतेज"च्या शि मधून गेलं होतं.

"बनुबाई, हे अक्षर कुणाचं आहे?"

मी तीन आठवडे पाठ केलेलं वाक्य तोंडात होतं. खरंच होतं. मी ते म्हणणार होते, हे इथं तरी खरं लिहिते. तोंड उघडलं आणि माझी नजर त्या भोकावर गेली. ते पोराचं कार्ड आहे. त्याला ते अजून मिळालेलंच नाही, हे मला तिथं उभी असताना कळलं. मिळालं असतं तर असं दोऱ्यात कशाला असतं?

"माझं हाय," मी म्हणाले.

"आत लिहिलंय ते खरं आहे?"

"व्हय."

"पहिल्या प्रतिज्ञापत्रात लिहिलंय ते?"

"ते खोटं हाय. सही माझीच हाय."

आमच्या वकिलांनी उठून विचारलं, सुनेनं दमदाटी केली का, पोरं दाखवणार नाही म्हणाली का. मी नाही म्हणाले. मागं बाकड्यावरून कुणीतरी उठून गेल्याचा आवाज आला. तो जयराज होता ते मला न बघता कळलं. त्याच्या चालण्याचा आवाज मला तो रांगत होता तेव्हापासून ठाऊक आहे.

न्यायाधीश बाई होत्या. पिंजऱ्यातून खाली उतरताना मी त्यांना विचारलं, "बाई, ते कार्ड माझ्या नातवाचं हाय. त्याला कधी मिळंल?"

त्यांनी चष्मा काढला. "आजी, ते आता कोर्टाच्या रेकॉर्डला आहे. अर्जाचा निकाल लागेपर्यंत फायलीतच राहील."

"मग निकाल कधी?"

 पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला.

बाहेर आले तर आमची गाडी नव्हती. रेश्मा जवळ आली. "आत्ती, शिवतेजनं ते वाचलेलं न्हाई. वकीलबाई म्हणाल्या आता कुणी हात लावू नका. मी त्याला एवढंच सांगितलं की आज्जीनं उत्तर लिहिलंय. तो रोज इचारतो, कवा देणार."

मी एसटीनं परत आले.

१८ डिसेंबर, गुरुवार

जयराज दुकानातच राहतोय. हे माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढलं की उचलून सोप्यात घेऊन जातात.

आज दुपारी मात्र दारात येऊन उभे राहिले. "तुला खरंच ऐकू आलं हुतं?"

"व्हय."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"आवं, तुमी इचारलं न्हाई. तुमी परत आलात, तिचा हात गळ्यात बांधलेला बघितला, आणि म्हणालात, जेवण काय केलंय."

तिथंच उभे राहिले. मग रानात निघून गेले. ते काय विचार करतात ते मला चव्वेचाळीस वर्षांत कळलेलं नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

तेच कार्ड पुन्हा करायला बसले. तोच मजकूर पाठ आहे, कोर्टात मोठ्यानं वाचला गेलाय, टायपिस्टनं टाइप केलाय, तरी हात पुढं सरकेना. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा ते त्याच्या एकट्यासाठी होतं. आता ते सगळ्यांचं झालंय. तरी लिहिलं. अक्षर पहिल्यासारखं आलं नाही. प्रांजलसाठी नाताळची सुट्टी म्हणून एक चांदणी कापली.

२९ डिसेंबर, सोमवार

काल सांगलीला जाऊन आले. कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही.

रेश्माला आधी फोन केला होता. जिन्याच्या खालच्या पायरीवर शिवतेज बसला होता. केवढा उंच झालाय. मी जवळ गेल्यावर उठला नाही. हात पुढं केला, जसा एखादा कागद मागावा तसा. मी कार्ड दिलं.

त्यानं वाचलं. माझ्याकडं बघितलं नाही. पुन्हा वाचलं. घडी घालून शर्टाच्या आत, पोटाशी ठेवलं.

"तू एकटीच आलीस?"

"व्हय."

"एसटीनं?"

"व्हय."

त्यानं शर्टावरून कार्ड चाचपलं. मग म्हणाला, "आज्जी, एक सांगतो. प्रांजलला यातलं काही बोलू नको. तिला वाटतंय आपण आईच्या नोकरीसाठी इकडं आलोय. तिनं विचारलं तर म्हण, मला माहीत नाही. मी पण तसंच सांगतो. सोपं आहे."

मी मान हलवली. हलवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते. अकरा वर्षांचा पोरगा, आणि त्याचा आवाज कसा होता सांगू? घरी येऊन गेलेल्या त्या वकिलासारखा होता.

"न्हाई," मी म्हणाले. "तसं न्हाई करायचं."

"मग ती रडेल."

"रडू दे. मी सांगीन तिला. मी असंन तिच्याजवळ."

"तू कुठं असतेस?" तो म्हणाला. रागानं नाही, नुसतं विचारल्यासारखं. "तू तर मलकापूरला असतेस. बाबांबरोबर."

  घर तिथं आहे, हे तिथं आहेत, जयराज माझ्या पोटचा आहे. कालच्या कालच मी परत तिथंच येणार होते आणि आलेही.

रेश्मा वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं असावं. "सांगा आत्ती तिला," म्हणाली. "थोडंच सांगा. मला सांगवलं न्हाई अजून."

प्रांजल खालच्या पोरींबरोबर खेळत होती, तिला हाक मारली. ती येऊन आधी माझ्या गळ्यात पडली, चांदणी घेतली, तिला भोक का नाही विचारलं, दोरा कुठं बांधायचा. मी तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं. बाबांनी आईला मारलं, आईचा हात मोडला, आणि आज्जी शेजारच्या खोलीत होती पण आली नाही. तीनच वाक्यं. माझ्या तोंडून ती बाहेर यायला कोर्टापेक्षा जास्त वेळ लागला.

प्रांजलनं विचार केला. "आईचा हात दुखला का लय?"

"लय दुखला."

"तू का नाही आलीस?"

"घाबरले."

"मोठी माणसं पण?" म्हणाली, आणि मग उतरून आईकडं वर गेली. तिच्या वाकड्या मनगटाला हात लावून बघत होती.

रडला तो शिवतेज. गुडघ्यात तोंड घालून, आवाज न करता, खांदे हलत होते. दहा महिने त्यानं ते कुठं ठेवलं होतं देव जाणे. माझा हात त्याच्या पाठीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. ठेवू दिला असता की नाही, मला माहीत नाही. जो हात कडीला पोचत होता तोच हा हात. मी तो मागं घेतला आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

परतीची साडेतीनची गाडी गेली. त्यानं मान वर केली नाही. मीही उठले नाही.